ऊसपट्ट्यात क्यूबाची गोष्ट कशी सांगावी

क्यूबाच्या स्वातंत्र्यावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात 'मेन' नावाचं जहाज उडवून देतो. १५ फेब्रुवारी १८९८, हवानाचं बंदर, रात्रीचा स्फोट. श्रोते सावरून बसतात, हे खरं. पण तिथून सुरुवात केली की गोष्ट अमेरिकेची होऊन बसते. स्पेन दुष्ट होता, अमेरिका धावून आली, चार महिन्यांत बेट सुटलं, टाळ्या. त्याआधी तीस वर्षं क्यूबातली माणसं लढत होती, त्यांचं काय? म्हणून गोष्ट १८६८ ला सुरू करा आणि १८९८ ला थांबवू नका, १९३४ पर्यंत न्या. बाकीचं सगळं या दोन सालांच्या मध्ये बसवायचं.

मी निपाणी भागातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायची. निवृत्त झाल्यापासून चिकोडी-हुक्केरीकडची वाचनालयं आणि गणेश मंडळं व्याख्यानाला बोलावतात. शिवचरित्रावर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी बाहेरच्या देशांचे विषय घेते, आणि त्यात क्यूबा आमच्या लोकांना सगळ्यात जवळचा वाटतो. कारण सरळ आहे. त्या बेटाचा इतिहास ऊस आणि तंबाखू या दोन पिकांवर चालला, आणि समोर बसलेल्यांच्या सातबाऱ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उताऱ्यावर, हीच दोन पिकं असतात. जे नवे शिक्षक किंवा वाचनालयाची पोरं हा विषय घेणार असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वेळ आधी ठरवा. डेअरीला दूध घालून, जेवून माणसं मोकळी व्हायला रात्रीचे साडेआठ-नऊ होतात. दीड तास पुरतो. गळीत हंगाम ऐन भरात असताना कार्यक्रम ठेवलात तर ज्यांच्यासाठी ठेवला तेच फडात नाहीतर काट्यावर रांगेत असतील. सभेत कन्नड बोलणारेही असतात. त्यांना मराठी कळतं, पण 'कब्बु' (ऊस), 'सक्करे' (साखर) असे चार शब्द मधून पेरले की मागच्या रांगेतले अण्णा पुढे येऊन बसतात.

नकाशा

प्रोजेक्टरच्या भानगडीत पडू नका, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. फळा आणि खडू घ्या. क्यूबा आडवा, लांबट आणि किंचित वाकलेला काढा. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर. डावीकडे वर हवाना, उजवीकडे खाली सांतियागो, त्याच्याही पूर्वेला ग्वांतानामो. अगदी पश्चिमेच्या टोकाला पिनार देल रिओ, हा तंबाखूचा मुलूख. मधल्या आणि पश्चिमेच्या सपाटीवर मोठमोठे साखर कारखाने, पूर्वेला डोंगर आणि लहान जमीनधारक. मग वरच्या बाजूला फ्लोरिडाचं टोक दाखवा. तिथून हवाना साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे निपाणीहून बेळगावला जाऊन परत येण्याएवढं. आणि स्पेन? सात हजार किलोमीटरपेक्षा लांब. हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत राहू द्या. अमेरिकेला एवढी ओढ का होती, हे निम्मं तिथेच कळतं.

नावं फार सांगू नका. पाच पुरे: सेस्पेदेस, मासेओ, गोमेस, मार्ती आणि स्पेनचा सेनापती वेलर. 'जोस मार्टी' म्हणू नका, 'होसे मार्ती' म्हणा.

सुरुवात कारखान्याच्या घंटेपासून

स्पेनने हे बेट १५११ पासून ताब्यात घ्यायला सुरुवात केली, पण पहिली अडीचशे-पावणेतीनशे वर्षं तुम्ही दोन वाक्यांत उरका. मूळचे ताईनो लोक लढायांत, रोगांत आणि सक्तीच्या कामात संपत गेले. हवाना हे जहाजांच्या मुक्कामाचं बंदर झालं. इतकं बस. खरं वळण १७९१ चं. शेजारच्या हैतीत गुलामांनी बंड केलं, तिथला साखरधंदा कोसळला, आणि जगाच्या बाजारातली ती जागा क्यूबाने घेतली. जंगलं तोडून ऊस लागला. तो तोडायला आफ्रिकेतून लाखो गुलाम आणले. पुढे १८४७ ते १८७४ या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर करारावर आणले. करार नावाचा, वागणूक गुलामासारखीच.

इथे कोणीतरी विचारतंच, "बाई, मग मालक कोण?" मालक क्यूबात जन्मलेले गोरेही होते आणि स्पेनहून आलेलेही. पण सत्ता स्पेनहून आलेल्या कॅप्टन जनरलच्या हातात. जकात आणि कर माद्रिद ठरवणार, आणि १८३७ पासून स्पेनच्या संसदेत क्यूबाचा एकही प्रतिनिधी नाही. म्हणजे ज्याच्या उसावर तिजोरी भरते त्याला बोलायला जागा नाही.

१० ऑक्टोबर १८६८ ला मान्सानियोजवळच्या 'ला देमाहाग्वा' या साखर कारखान्यात मालक कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस यांनी कारखान्याची घंटा वाजवली, आपले गुलाम मोकळे केले आणि स्पेनविरुद्ध लढाई पुकारली. हा प्रसंग रंगवून सांगा, पण त्यांना देव करू नका. पश्चिमेच्या बड्या कारखानदारांनी साथ दिली नाही. आपल्याकडे दुसरं हैती होईल, हे भय त्यांना स्पेनपेक्षा मोठं होतं. दहा वर्षं युद्ध चाललं ते मुख्यतः पूर्वेकडे. हत्यार म्हणजे ऊस तोडायचं 'माचेते', आपल्या कोयत्यापेक्षा लांब पात्याचं. बंदुका कमी होत्या, हे हत्यार घरोघरी होतं. मूळचे डॉमिनिकन असलेल्या माक्सिमो गोमेस यांनी ते घेऊन शत्रूवर तुटून पडायची रीत बसवली.

१८७८ च्या फेब्रुवारीत सान्होनचा तह झाला. लढलेल्या गुलामांना मुक्ती मिळाली, इतरांना नाही. स्वातंत्र्य तर नाहीच. अंतोनिओ मासेओ हे कृष्णवर्णीय सेनानी, साध्या शिपायापासून वर चढलेले. त्यांनी १५ मार्चला बारागुआ इथे स्पॅनिश सेनापतीला तोंडावर सांगितलं की हा तह आम्हाला मान्य नाही. प्रश्न दोनच होते, स्वातंत्र्य आणि गुलामगिरीचा अंत. मासेओंपाशी दोन मिनिटं थांबा. गुलामगिरी बेटावरून पूर्ण जायला १८८६ उजाडलं.

वखारीतल्या बायकांसाठी

माझी आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, त्यामुळे हा भाग मी जरा जास्तच वेळ घेऊन सांगते. तुम्हीही घ्या. सभेत बायका असतील तर त्या इथे बोलायला लागतात.

१८६५ पासून हवानाच्या सिगार कारखान्यांत एक प्रथा पडली. कामगार चिरूट वळत बसलेले असताना एक जण उंच जागी बसून मोठ्याने वाचायचा. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. वाचणाऱ्याची निवड कामगार करायचे आणि पगारही तेच वर्गणी काढून द्यायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यामुळे जगाच्या बातम्या कळायच्या. स्पॅनिश सरकारला हे खुपणार नाही तर काय? मधूनमधून बंदी यायची.

पहिल्या युद्धात पुष्कळ कामगार समुद्र ओलांडून फ्लोरिडात, 'की वेस्ट' या बेटावर आणि पुढे टँपा इथे गेले, आणि वाचणाऱ्याची खुर्चीही सोबत गेली. होसे मार्ती हे कवी आणि पत्रकार. पोरवयात स्पेनविरुद्ध लिहिलं म्हणून कैद भोगलेले, नंतर न्यूयॉर्कला राहिलेले. त्यांनी नोव्हेंबर १८९१ मध्ये टँपाच्या या कामगारांपुढे भाषणं केली आणि १८९२ मध्ये क्यूबन क्रांतिकारी पक्ष उभा केला. पक्षाला पैसा आला तो मुख्यतः या चिरूट वळणाऱ्यांच्या मजुरीतून. १८९५ च्या उठावाचा निरोप एका सिगारमध्ये गुंडाळून क्यूबात पोचवला असं सांगतात. सांगा खुशाल, पण 'सांगतात' म्हणूनच सांगा.

एकदा हे सांगून झाल्यावर वखारीत जन्म काढलेली एक मावशी म्हणाली, "आमच्याकडं कोण वाचून दावतंय? मुकादम तेवढा ओरडायचा." १९८१ चं तंबाखू आंदोलन पाहिलेली माणसं सभेत असतील तर त्यांनाही बोलू द्या, फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवा.

जळीत उसाचा प्रश्न

आता सभेला विचारा: फडाला आग लागली तर कारखाना तो ऊस घेतो का? उत्तर लगेच येतं. "घेतो की बाई, पण कपात करून." तोडून ठेवलेला ऊस किती वेळ थांबतो, जळीत ऊस किती लवकर गाळावा लागतो, वजन किती घटतं, हे ते तुम्हाला शिकवतील. शिकवू द्या. मग सांगा की २४ फेब्रुवारी १८९५ ला पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा सरसेनापती गोमेस यांनी हुकूम काढला: ऊस गाळायचा नाही, गाळणाऱ्याचा फड पेटवला जाईल.

का? स्पेनचं सैन्य साखरेच्या करावर पोसलं जात होतं. आणि पहिल्या युद्धात पश्चिमेचे कारखाने सुखरूप चालू राहिले, म्हणून तर बंडखोर ते युद्ध हरले होते. या वेळी मासेओ आणि गोमेस ऑक्टोबर १८९५ मध्ये पूर्वेकडून निघाले. स्पेनने बेटाच्या मधोमध आडवी तटबंदी घातली होती, ती ओलांडून मासेओ जानेवारी १८९६ मध्ये पार पश्चिमेच्या मांतुआ गावी पोचले. ऐन गाळपाचे महिने. आधीच्या हंगामात दहा लाख टनांवर असलेली साखर १८९६ मध्ये सव्वादोन लाख टनांच्या आसपास आली. हे दोन आकडे फळ्यावर मोठे लिहा. आमच्याकडे ते वाचून दाखवावे लागत नाहीत, माणसं स्वतःच हंगामाचा हिशेब मांडायला लागतात.

वाद होतो आणि व्हायलाच हवा. फड पेटला तर तोडणी मजुराच्या पोटाचं काय? गोमेस यांच्या बाजूने आणि विरोधात दोन माणसं उभी करा. मी इथे निकाल देत नाही.

मार्ती १९ मे १८९५ ला दोस रिओस इथे चकमकीत पडले. आदल्या दिवशी मित्राला लिहिलेलं एक अपुरं पत्र मागे राहिलं. क्यूबा स्वतंत्र करायचा तो अमेरिकेला या बेटांवर पसरण्यापासून वेळीच रोखण्यासाठी, असा त्याचा रोख होता. हे पत्र पुढच्या सगळ्या भागाची किल्ली आहे, ते सोडू नका. मासेओ डिसेंबर १८९६ मध्ये मारले गेले.

वेलर १८९६ च्या सुरुवातीला आला. खेड्यांतून बंडखोरांना धान्य आणि बातमी मिळते, तर खेडीच रिकामी करा, हा त्याचा उपाय. बायका-पोरांसकट लोकांना तटबंदीच्या गावांत कोंडलं. खायला नाही, पाणी घाण, साथी. किमान लाखभर माणसं मेली, काही अंदाज याहून बरेच वर जातात. इथे आवाज चढवू नका. आकडा सांगा आणि पुढे चला.

अमेरिका कधी आणायची

आता, म्हणजे दीड तासातला पाऊण तास उलटल्यावर. आणि आणताना जुना हिशेब आधी मांडा. १८४८ मध्ये अमेरिकेने स्पेनला क्यूबासाठी दहा कोटी डॉलर देऊ केले होते. स्पेनने नाकारलं. १८९० मध्ये अमेरिकेने कच्च्या साखरेवरची जकात काढली, क्यूबाने जीव तोडून ऊस लावला. १८९४ मध्ये चाळीस टक्के जकात परत बसली आणि बेटावर मंदी आली. पुढच्याच वर्षी युद्ध. साखरेचा भाव दूरच्या कचेरीत ठरतो आणि फटका फडाला बसतो, यावर आमच्या श्रोत्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

'मेन'ला पाच मिनिटं द्या, जास्त नको. अमेरिकन युद्धनौका, हवाना बंदरात आलेली, अडीचशेहून जास्त खलाशी मेले. अमेरिकन नौदलाच्या चौकशीने तेव्हा सुरुंगावर ठपका ठेवला. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने सांगितलं की स्फोट जहाजाच्या आतला असावा, कोळशाच्या कोठारातल्या आगीतून. वाद अजून आहे. न्यूयॉर्कच्या हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वर्तमानपत्रांनी मात्र निकाल आधीच लावून टाकला होता. "तुम्ही चित्रं पाठवा, युद्ध मी पुरवतो" अशी हर्स्टची तार फार सांगितली जाते. ती तार आजवर कोणाला सापडलेली नाही आणि हर्स्टने ती नाकारली होती. टाळ्यांचं वाक्य आहे, तरी गाळा.

एप्रिल १८९८ मध्ये अमेरिकन संसदेने युद्धाचा ठराव केला, त्यात सिनेटर टेलर यांची दुरुस्ती होती: क्यूबावर सत्ता गाजवायचा आमचा हेतू नाही, बेट शांत झालं की कारभार तिथल्या लोकांकडे सोपवू. हे कलम सावकाश वाचा. पण क्यूबन बंडखोरांच्या सरकारला मान्यता दिली नाही, हेही लगेच सांगा. श्रोत्यांतला एखादा वकील किंवा सोसायटीचा सेक्रेटरी इथे मान हलवतो.

लढाई तुम्ही झटपट घ्या. जूनमध्ये अमेरिकन सैन्य सांतियागोजवळ उतरलं, तेही जनरल कालिक्स्तो गार्सिया यांच्या क्यूबन सैन्याने किनारा मोकळा करून दिला म्हणून. १ जुलैला सान हुआन टेकडी, ३ जुलैला स्पॅनिश आरमार बुडालं, १७ जुलैला शहर शरण आलं. आणि त्या दिवशी गार्सियांच्या सैनिकांना शहरात येऊ दिलं नाही. गार्सियांनी अमेरिकन सेनापती शाफ्टर यांना निषेधाचं पत्र लिहिलं. १० डिसेंबरला पॅरिसमध्ये तह झाला, त्या टेबलावर स्पेन होतं, अमेरिका होती. क्यूबाचा माणूस नव्हता. त्याच तहात पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे गेले, फिलिपिन्स दोन कोटी डॉलरला. फिलिपिन्सच्या लोकांनी मग अमेरिकेशीच युद्ध केलं. पण तो वेगळ्या संध्याकाळचा विषय आहे.

सावध राहा, इथे सभा हटकून सीमाप्रश्नाकडे वळते. "आम्हाला तरी कोणी विचारलं, १९५६ ला?" असं कोणीतरी म्हणतंच, आणि कन्नड शाळेचे सर खुर्चीत जरा ताठ होतात. मी म्हणते, ते आपण चहाच्या वेळी बोलू. दोन गोष्टी सारख्या नाहीत. गुलामगिरी, वसाहत आणि तीस वर्षांची लढाई एकीकडे, राज्यांची पुनर्रचना दुसरीकडे. शिवाय एकदा तिकडे गेलात की प्लॅट दुरुस्ती, म्हणजे अमेरिकेने क्यूबाच्या घटनेत घालायला लावलेल्या अटी, राहून जाते, आणि ती राहता कामा नये.

चिठ्ठ्यांचा खेळ

१ जानेवारी १८९९ ला बेटावर अमेरिकन लष्करी राजवट आली. तिने केलेलं चांगलं लपवू नका: शाळा, नळ-गटारं, पीतज्वराचा बंदोबस्त. डासामुळे पीतज्वर पसरतो हे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिन्लाय यांनी १८८१ लाच मांडलं होतं. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन पथकाने ते सिद्ध केलं.

मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. सांगा, आता तुम्ही १९०१ च्या क्यूबाच्या घटना समितीचे सभासद आहात. अमेरिकेच्या अटी अशा: स्वातंत्र्याला बाध येईल असा तह परदेशाशी करायचा नाही, झेपणार नाही असं कर्ज काढायचं नाही, गरज वाटल्यास आम्ही सैन्य पाठवू, आणि आरमारी तळासाठी जागा द्यायची. हे घटनेत घाला, तर आमचं सैन्य जाईल. नाहीतर राहील. होय की नाही, लिहा.

पाच मिनिटं गोंधळ होतो. "सही करून टाका की, एकदा गेले म्हणजे मागनं बघू." त्यावर दुसरा, "लिहून दिल्यावर मागनं काय बघणार, तात्या?" चिठ्ठ्या मोजा, आकडा फळ्यावर लिहा, आणि त्याच्या शेजारी खरा आकडा लिहा: १२ जून १९०१, सोळा विरुद्ध अकरा, प्लॅट दुरुस्ती मंजूर. २० मे १९०२ ला क्यूबाचा झेंडा चढला. १९०६ मध्ये अमेरिकन सैन्य त्याच कलमाच्या आधाराने परत आलं आणि १९०९ पर्यंत राहिलं. १९०३ च्या व्यापार कराराने क्यूबाच्या साखरेला अमेरिकेत वीस टक्के जकात सवलत मिळाली. भाव बरा आला, पण गिऱ्हाईक एकच उरलं आणि जमिनी अमेरिकन कंपन्यांकडे जात राहिल्या. १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली.

प्रश्न विचारायला पंधरा मिनिटं ठेवा. कास्त्रोंबद्दल विचारतील, त्यावर दुसरी रात्र मागून घ्या. ग्वांतानामोच्या अमेरिकन आरमारी तळाच्या भाड्याबद्दल हमखास विचारतात, तेवढं तोंडपाठ हवं. १९०३ चा करार, वर्षाला दोन हजार सोन्याचे डॉलर, आता ४,०८५ डॉलर. क्रांतीनंतर १९५९ चा एक चेक क्यूबाने वटवला, त्यानंतर घेत नाही. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, "भाडं घेत नाहीत, तर जागा खाली का करून घेत नाहीत?" कारण १९३४ च्या तहात मुदतच नाही. दोन्ही सरकारं राजी झाली किंवा अमेरिकेने आपण होऊन तळ सोडला, तरच करार सुटतो. हे सांगितलं की पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणतं, "म्हणजे कूळ लागलं म्हणा की." हसू द्या, आणि चहा आणायला सांगा.